कॅमशाफ्टची निवड : ओढीचा आणि वेगाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर शेतीवर बोलावे, अशी रीत आहे. मी आज कॅमशाफ्टवर बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत हा शब्द वाचून येथील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सकाळी विचारले, "हे कशावरचे औषध म्हणायचे?" मी म्हणालो, "औषध नव्हे, गाडीच्या इंजिनातला एक दांडा आहे. पण अलीकडे लोक तो औषधासारखाच वापरतात. म्हणजे दुखणे काय आहे ते न पाहता." उत्तर सहज गेले, पण आजचा माझा सारा मुद्दा त्यात आला.

हा विषय गंगाखेडला परका नाही. आपल्या तालुक्यात साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर लागतात, आणि तिकडून भरलेली गाडी आणायची म्हटली की चढ-उतार आलेच. शिवाय आता तरुणांच्या घरी जीपगाड्या आणि त्यांच्या जातीच्या मोठ्या मोटारी आल्या आहेत. ट्रकमालकाला वाटते, गाडी चढाला दमते. जीपवाल्या तरुणाला वाटते, गाडीत दम नाही. दोघांनाही कोणीतरी कानात सांगतो, 'कॅम बदलून टाक.' कोणता कॅम, हे मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

प्रथम हा दांडा करतो काय ते पाहू. संत जनाबाईंचे हे गाव. तेव्हा जात्याचा दृष्टान्त येथे नाही द्यायचा तर कोठे? दळणारी बाई एका हाताने खुंटा फिरवते आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण घालते. जाते हळू फिरत असता मोठी मूठ पडली तर ते जड होते आणि पीठ जाडेभरडे येते. जाते भरात असता मूठ लहान पडली तर दगडावर दगड घासतो. शहाण्या बाईचा हात जात्याच्या गतीकडे पाहून चालतो. इंजिनात क्रँक हा खुंटा फिरवणारा हात. कॅमशाफ्ट हा वैरण घालणारा हात. फरक इतकाच की या दुसऱ्या हाताला डोळे नाहीत. कारखान्यात घासून ज्या आकाराचा केला, त्याच आकाराने तो जन्मभर मूठ टाकीत राहतो. म्हणून निवड आधी नीट करावी लागते.

चार टप्प्यांच्या इंजिनात हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन पेटून दट्ट्या खाली ढकलला जाणे आणि धूर बाहेर टाकणे, एवढी कामे क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. तेवढ्या वेळात कॅमशाफ्ट एकच फेरा घेतो. त्याच्या अंगावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की टॅपेट उचलला जातो आणि झडप, म्हणजे आपले मिस्त्री जिला व्हॉल्व्ह म्हणतात ती, उघडते. क्रँक मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला १२०० वेळा, म्हणजे सेकंदाला २० वेळा उघडते व मिटते. झडप क्रँकच्या २४० अंशांइतकी उघडी राहते असे धरले, तर एका खेपेला तिला सेकंदाचा साठावा हिस्सा मिळतो. तेवढ्या अवकाशात टाटांच्या जुन्या ६९७ इंजिनाच्या एका सिलिंडरला जवळजवळ एक लिटर हवा आत घ्यावी लागे. (६९७ हा आकडा पुष्कळांना ट्रकचा नंबर वाटे. त्याचा अर्थ सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा व्यास, एवढाच आहे. टाटा आणि डायम्लर-बेन्झ यांच्या १९५४ साली सुरू झालेल्या सहकार्यातून हे घराणे आपल्याकडे आले.)

आता मर्माकडे येतो. वाटते असे की दट्ट्या खाली गेला की हवा घेणारी झडप तेथेच मिटावी. प्रत्यक्षात ती उशिरा मिटते. दट्ट्या पुन्हा वर येऊ लागला तरी थोडा वेळ उघडीच असते. कारण धावत्या हवेलाही जोर असतो. एसटीच्या दाराशी गर्दीचा रेटा बसला की कंडक्टर आतून 'पुरे' म्हणत असतानाही आणखी चार माणसे आत येतात, तसेच हे. पण रेटा नसेल आणि दार उघडेच राहिले, तर आत आलेली माणसेही खाली उतरतात. इंजिन जोरात फिरत असता झडप उशिरा मिटणे फायद्याचे. ते हळू फिरत असता तीच उशिरा मिटली तर घेतलेली हवा दट्ट्याच आल्या वाटेने परत ढकलतो. सिलिंडर अर्धपोटी राहतो, दाब कमी पडतो, ओढ जाते.

शर्यतीचा कॅम झडप उशिरा मिटवतो. त्याने इंजिनाची मोठ्यात मोठी अश्वशक्ती वाढते हे खरे आहे, जाहिरात खोटी नसते. पण ती वाढ फेऱ्यांच्या वरच्या टोकाला मिळते, आणि तिची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते. जड गाडीचे आयुष्य कोणत्या टोकाला जाते, एवढाच प्रश्न आहे.

थोडा हिशेब करू. दोन आसांच्या ट्रकला भारासह १८.५ टनांची मर्यादा २०१८ साली देण्यात आली. असा ट्रक वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या वाटेवर ताशी २० किलोमीटरने जात आहे. म्हणजे साडेअठरा टनांचा तो डोंगर दर सेकंदाला सुमारे २८ सेंटीमीटर वर उचलला जात आहे. याला सुमारे ६७ अश्वशक्ती लागते. चाकांच्या घर्षणाची १३-१४ धरा. सगळी मिळून ८०. जुन्या ट्रकांपाशीही याहून अधिक शक्ती होती! मग गाडी दमते का? कारण कागदावरची मोठी शक्ती मोठ्या फेऱ्यांवर असते, आणि ड्रायव्हरने गिअर बदलला, फेरे १३००-१४०० वर उतरले की त्या क्षणी कागद उपयोगी पडत नाही. त्या क्षणी इंजिन जेवढा पीळ देईल तेवढ्यावर गाडी चढते किंवा मागे येते. या पिळाला टॉर्क म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर 'ओढ' म्हणतात, आणि तो शब्द मला अधिक आवडतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले असे नाही. माझ्याजवळ एके काळी पेट्रोलवर चालणारी जुनी जीप होती, हरिकेन इंजिनाची. त्या इंजिनात हवा घेणारी झडप वर, हेडात असे. धूर सोडणारी खाली, ब्लॉकमध्ये. आणि दोघींना नाचवणारा कॅमशाफ्ट एकच. तरुणपणी मला तिचा कॅम 'मोठा' करून घेण्याची बुद्धी झाली. एका शहरातल्या कारागिराने तो घासून दिला. त्याने विचारलेही होते, "साहेब, गाडी कोठे चालवता?" मी उत्तर दिले, "सगळीकडे." पुढे राणीसावरगावच्या बाजूला लग्नाला निघालो. गाडीत आठ माणसे, शिवाय आहेराची भांडी. सपाटीवर जीप अशी गाऊ लागली की मला कृतार्थ वाटले. पहिला मोठा चढ लागला आणि दुसऱ्या गिअरात ती खोकून बंद पडली. वऱ्हाडी उतरले, त्यांनी ढकलली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे अधिक लागले.

परंतु खरी भीती येताना वाटली. उतारावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले. या जीपला नंतर कोणीतरी निर्वातावर चालणारा ब्रेक-बूस्टर बसवला होता. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ मोठ्या कॅमने वाढतो; त्यामुळे हळू फिरणाऱ्या इंजिनात हवेच्या नळीतला निर्वात कमी होतो, आणि बूस्टरचे बळ तेवढे जाते. पेट्रोलच्या गाडीचा कॅम बदलणाऱ्याला ब्रेकचे काय होईल हे कोणी सांगत नाही. इंजिनाचे दुकान वेगळे आणि ब्रेकचे वेगळे. उतरलो सुखरूप, पण जुना कॅम आठवड्यात परत बसवला.

म्हणून पेट्रोलच्या जड गाडीला कॅम निवडणाऱ्यास माझे सांगणे असे की, मनात जो येईल त्याच्याहून एक पायरी लहान घ्यावा. विकणाऱ्याच्या कोष्टकात चार आकडे असतात. झडप किती उचलली जाते, हा पहिला. उचल थोडी वाढली तर सहसा बिघडत नाही. स्प्रिंगची कडी कडीला टेकत नाही ना आणि झडप दट्ट्याला लागत नाही ना, एवढे मोजून घ्यावे. झडप किती अंश उघडी राहते, हा दुसरा, आणि येथे फसगत ठरलेली. एक दुकानदार झडप हलू लागल्यापासूनचे अंश सांगतो, दुसरा टॅपेट ५० हजारांश इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यापासूनचे. एकाच कॅमचे पहिल्या मापाने २६० भरतील आणि दुसऱ्या मापाने २१०. दोन दुकानांची कोष्टके शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकाचा शेर आणि दुसऱ्याचा किलो एकाच तागडीत घालणे होय. दुसऱ्या मापाने २१० च्या वर जड गाडीने जाऊ नये, असे मी म्हणेन. तेही मोठ्या इंजिनाला. अमेरिकेतील पुस्तके साडेपाच-सहा लिटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांसाठी लिहिलेली असतात. तेच अंश आपल्या सव्वादोन लिटरच्या इंजिनात फार जहाल ठरतात.

तिसरा आकडा दोन उंचवट्यांच्या शिखरांमधल्या कोनाचा. तो ११२ ते ११४ अंश असला की इंजिन जागेवर शांत चालते. १०६ च्या आसपास आले की दोन्ही झडपांचे उघडेपण एकमेकांवर चढते आणि इंजिन लंगडत चालल्यासारखा आवाज येतो. तो आवाज पुष्कळ तरुणांना फार गोड लागतो. त्यांच्या आवडीला मी नावे ठेवीत नाही. मात्र तो आवाज म्हणजे वाया जाणाऱ्या पेट्रोलचा आहे. चौथी गोष्ट, हवा घेणारी झडप नेमकी कधी मिटते ती. चारांतले एकच पाहावयाचे असेल तर हे पाहावे.

टायरचेही येथेच सांगतो. जीपला २८ इंचांचे टायर काढून ३१ इंचांचे घातले, की ज्या वेगाला इंजिन २५०० फेरे घेत होते तेथे ते सुमारे २२६० घेते. म्हणजे मोठ्या टायरने इंजिन आणखी खाली आले. अशा गाडीला कॅम लहान हवा. प्रत्यक्षात जो मोठे टायर घालतो तोच मोठा कॅमही घालतो, आणि मग मेकॅनिकला दोष देतो.

कोणी विचारील, जपानी हायब्रिड मोटारींत झडप मुद्दाम उशिरा मिटवतात, ते कसे? खरे आहे. टोयोटाने १९९७ साली प्रियस काढली तेव्हापासून हा प्रकार रस्त्यावर आहे. तेथे इंधन वाचवण्यासाठी खालची ओढ जाणूनबुजून सोडून दिलेली असते, आणि ती उणीव विजेची मोटर भरून काढते. आपल्या ट्रकात ती मोटर नाही.

आता डिझेलकडे वळतो, कारण ऊस डिझेलवर येतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून तिच्यात पडलेले इंधन आपोआप पेटावे. म्हणजे येथे दाब गेला तर ओढच नव्हे, पेटणेही गेले. उशिरा मिटणारी झडप थंडीच्या पहाटे असे इंजिन सुरूच होऊ देणार नाही, आणि झाले तर पांढरा धूर सोडील. शिवाय डिझेलचा दट्ट्या वर आला की हेडाला जवळजवळ टेकतो; मध्ये मिलिमीटरभर जागा. झडप भलत्या वेळी उघडी राहिली तर दट्ट्या तिला वाकवतो. टर्बो आल्यापासून तर हवेचा पुरवठा मुख्यतः टर्बो आणि इंधनाचा पुरवठा पंप ठरवतो. कॅमच्या आकारातून मिळण्यासारखे फारसे उरत नाही. कमिन्सच्या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरसाठी तिसरा उंचवटा असे आणि तोच इंधनाची पिचकारी दाबी. १९६२ पासून पुण्यात ही इंजिने होऊ लागली. तेथे कॅम बदलणे म्हणजे इंधनाची वेळही बदलणे. तेव्हा डिझेल ट्रकमालकाला माझा सल्ला साफ आहे : शर्यतीचा कॅम विकत घेऊ नका. आहे तो कॅम तपासा.

यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. ऐन हंगामात एका ट्रकमालकाची गाडी दमू लागली. काळा धूर, चढाला पहिला गिअर. पंप उघडला, नोझल बदलली, टर्बो बदलला. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. शेवटी कोणीतरी बाहेरून 'जादा पॉवरचा' कॅम आणून बसवण्याची टूम काढली. पैसे द्यायचे तेवढे राहिले होते. तो माझ्याकडे आला तेव्हा मी डायल गेज घेऊन गेलो. झाकण काढले, इंजिन हाताने फिरवले, एकेका पुशरॉडची उचल मोजली. पाच सिलिंडरांची उचल जवळजवळ सारखी. तिसऱ्या सिलिंडरची हवेची उचल दीड मिलिमीटरने कमी. रॉकर ही उचल वाढवून झडपेकडे पोचवतो, म्हणून झडपेपाशी तूट आणखी मोठी. तो सिलिंडर पुरेशी हवाच घेत नव्हता, पंप मात्र इंधन पुरे देत होता. काळा धूर त्याचाच. मूळ मापाचा नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले, गाडी पहिल्यासारखी चढू लागली. झिजून गेलेली त्याचीच शक्ती दुकानातून नवी म्हणून विकत घ्यायला तो निघाला होता.

झिजतो का, तर उंचवटा आणि टॅपेट यांच्यामध्ये तेलाचा फार पातळ थर असतो आणि वरून स्प्रिंगचा नेट. तेल वेळेवर बदलले नाही, डिझेलची काजळी त्यात साठली, की थर तुटतो. एकदा उंचवट्याची कातडी फुटली की पुढे झीज भराभर होते. या कातडीची गंमत पाहावयाची तर सोलापूरला जावे. चादरींच्या त्या गावी १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना स्थापन झाला, आणि तेथले कॅमशाफ्ट देशातल्याच नव्हे, परदेशातल्या मोटारींतही जातात. बिडाचा दांडा ओतताना वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवून ठेवण्याची एक पद्धत आहे. वितळलेले बीड त्या तुकड्यांना टेकते तेथे झटकन निवते आणि पांढरे, अतिशय कठीण होते. बाकीचा दांडा सावकाश निवून करडा आणि यंत्रावर घासता येण्याजोगा राहतो. एकाच ओतीव दांड्यात दोन स्वभाव. पण हा कठीण थर थोड्याच जाडीचा असतो. झिजलेला कॅम पुन्हा घासून देणारा कारागीर उंचवट्याची पाठ कमी करून उचल परत आणतो. काम कौशल्याचे आहे, स्वस्तही पडते, एकदा चालते. दुसऱ्यांदा घासलेला कॅम मी माझ्या गाडीत घालणार नाही, आपल्या गाडीत घाला असे कसे सांगू?

ज्या इंजिनात टायमिंगची साखळी असते तेथे आणखी एक पाहावे. साखळी ताणली की कॅम मागे पडतो, झडप आपोआप उशिरा मिटू लागते. म्हणजे पैसे न देता शर्यतीचा कॅम मिळाला! साखळी बदलली की ओढ परत येते.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रकात आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच सांगितले. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे बीएस-६ चे नियम लागले, आणि त्या गाड्यांचे संगणक हवा, इंधन, धूर यांचा मेळ क्षणोक्षणी पाहतात. तेथे परका कॅम घातला की लाल-पिवळे दिवे लागणार, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळणार. जुन्या जीपगाड्यांची हौस वेगळी. नव्या गाडीला हात लावू नये.

आणि ज्यांना मूळ मापाचा का होईना, नवा कॅम बसवायचाच आहे, त्यांनी टॅपेट जुने ठेवू नयेत. जुना टॅपेट जुन्या उंचवट्याशी घासून जुळलेला असतो, नव्याला तो खातो. बसवताना प्रत्येक उंचवट्याला कॅमचे खास वंगण भरपूर लावावे. चपट्या टॅपेटांचे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की जागेवर मंद चालवीत ठेवू नये. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटे चालवावे, म्हणजे उंचवट्यांवर तेल उडत राहते. पहिल्या दिवशी पूजा करून, नारळ फोडून, इंजिन मंद चालू ठेवून पेढे वाटायला गेलेले मालक मी पाहिले आहेत. त्या अर्ध्या तासात कॅम निम्मा म्हातारा होतो. पेढे आधी वाटावेत.

बाहेर पायऱ्यांजवळच्या टेबलावर मी दोन कॅमशाफ्ट ठेवले आहेत. एक त्या ट्रकचा, तिसऱ्या सिलिंडरच्या उंचवट्यावर खडूने खूण केली आहे, आणि दुसरा माझ्या जीपचा, वऱ्हाडाने ढकललेला. जाताना अवश्य हात लावून पाहा. मुलांच्या हाती मात्र देऊ नका. बिडाचा दांडा आहे, फरशीवर पडला तर काचेसारखा तुटतो.